मुंबई उपनगरांतील फुटबॉलरसिक

बृहन्मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इ. उपनगरांत राहणारा आणि कूपरेज, नेरूळ व अंधेरी येथील फुटबॉल सामन्यांस नियमाने हजेरी लावणारा प्रेक्षकवर्ग. क्रिकेटचे माहेरघर म्हणून मुंबईची ख्याती असली, तरी या शहराला फुटबॉलची परंपराही तितकीच जुनी लाभली आहे. मात्र कलकत्त्याच्या वा कोल्हापूरच्या रसिकांप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या एकच संघ आपला मानण्याची संधी मुंबईकर रसिकाला क्वचितच मिळाली. त्याचे संघ विसर्जित झाले, स्पर्धा बंद पडल्या आणि मैदानेही बदलली. यामुळे येथील फुटबॉलचा इतिहास संस्थांच्या दप्तरांपेक्षा रसिकांच्या स्मरणात आणि आवडत्या खेळाडूंच्या नावांत अधिक टिकून राहिला आहे.

पूर्वपीठिका : मुंबईत रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली. प्रारंभी ती ब्रिटिश लष्करी पलटणींचीच मक्तेदारी होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या भारतीय संघाने प्रथमच हा चषक जिंकला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो हैदराबाद पोलीस संघाकडे होता. मोहन बागान, ईस्ट बेंगॉल, मोहमेडन स्पोर्टिंग हे कलकत्त्याचे संघ या स्पर्धेसाठी कूपरेज मैदानावर येत, तेव्हा मुंबईतील बंगाली, गोवेकर, केरळीय व मराठी प्रेक्षक एकाच प्रेक्षागारात बसत असत. २००१ नंतर ही स्पर्धा खंडित झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईचे प्रमुख संघ व्यापारी कंपन्यांचे व सार्वजनिक उपक्रमांचे होते. कॅलटेक्स, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया ही त्यांपैकी ठळक नावे. खेळाडूला नोकरी द्यावयाची, सरावासाठी कामातून सवलत द्यावयाची आणि त्याने संस्थेच्या संघाकडून खेळावयाचे, अशी ही व्यवस्था होती. मानधनावर खेळण्याची सोय नसलेल्या काळात तिने अनेक गुणी खेळाडूंना स्थैर्य दिले. तिच्यात एक मूलभूत उणीवही होती. संघाचे अस्तित्व प्रेक्षकांच्या पाठिंब्यावर नव्हे, तर मालक-संस्थेच्या धोरणावर अवलंबून होते. धोरण बदलले, की संघ संपुष्टात येई आणि त्यात प्रेक्षकाला मत नसे.

कोल्हापूरशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांसारखे संघ पेठांतून व तालमींतून उभे राहिले. तेथील प्रेक्षक जन्माने व वस्तीने आपल्या संघाशी बांधलेला असतो आणि त्याचा आवडता खेळाडू बहुधा त्याच गल्लीत राहतो. मोहन बागान (स्थापना १८८९) व ईस्ट बेंगॉल (१९२०) या संघांमागेही समाजगटांची निष्ठा उभी आहे. मुंबईच्या कंपनीसंघांना अशी पेठ नव्हती. बोरिवलीचा वा मुलुंडचा रसिक एखाद्या संघाकडे ओढला जाई, तो मुख्यतः त्या संघातील खेळाडूंमुळे.

कूपरेजचे स्मरणीय खेळाडू : जुन्या पिढीच्या आठवणींत नेव्हिल डिसूझा यांचे स्थान अग्रभागी आहे. मूळचे गोव्याचे हे आघाडीचे खेळाडू मुंबईत कॅलटेक्स संघाकडून खेळत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले व भारताने तो सामना ४–२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. भारतास त्या स्पर्धेत चौथे स्थान मिळाले. डिसूझा १९८० मध्ये निधन पावले. वांद्रे येथील एका फुटबॉल मैदानास त्यांचे नाव देण्यात आले असून, ज्यांनी त्यांचा खेळ पाहिला नाही अशी मुले आता त्या मैदानावर खेळतात.

माटुंग्यात वाढलेले गोलरक्षक एस. एस. नारायण हे १९५६ व १९६० अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांत भारतीय संघात होते. टाटा संघाचे मध्यरक्षक फॉर्च्युनाटो फ्रँको हे १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघाचे सदस्य होते. हे दोघेही २०२१ मध्ये कालवश झाले. त्यांच्या खेळाची चित्रफीत सहसा पाहावयास मिळत नाही. वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले वर्णन हाच नव्या पिढीसाठी त्यांचा मुख्य परिचय होय.

महिंद्र संघ : १९६२ मध्ये स्थापन झालेला व २००० मध्ये ‘महिंद्र युनायटेड’ असे नाव धारण करणारा हा संघ कूपरेजच्या अखेरच्या वैभवाचा मानकरी ठरला. त्याच्या मालक-कंपनीचा एक मोठा कारखाना कांदिवलीस असल्याने उपनगरांना हे नाव परिचित होते. कंपनीच्या मोटारगाडीवरून वृत्तपत्रे या खेळाडूंना ‘जीपमेन’ म्हणत. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने २००५–०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. हा मान मिळविणारा तो मुंबईचा पहिला संघ होय. त्या संघातील घानाचा युसूफ याकुबू व ब्राझीलचा जोसे रामिरेझ बारेटो ही आघाडीची जोडी, तसेच बाजूने वेगवान मुसंडी मारणारा मुंबईकर स्टीव्हन डायस यांची नावे त्या काळचे प्रेक्षक आजही आवर्जून घेतात. २००७ मध्ये हा संघ आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषक स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला.

राष्ट्रीय विजेतेपदानंतर अवघ्या चार वर्षांनी, २०१० मध्ये, हा संघ विसर्जित करण्यात आला. २०१३ मध्ये एअर इंडियाचा संघही राष्ट्रीय आय-लीगमधून वगळला गेला. व्यावसायिक परवान्यासाठी आशियाई महासंघाने घातलेल्या अटींत नोकरदार खेळाडूंचे संस्थात्मक संघ बसत नव्हते, हे त्यामागील कारण होते. अशा रीतीने ज्या व्यवस्थेवर मुंबईचे फुटबॉल सु. अर्धशतक उभे होते, ती काही वर्षांतच लयाला गेली.

मुंबई एफ.सी. व खालिद जमील : २००७ मध्ये स्थापन झालेला पिवळ्या गणवेशाचा मुंबई एफ.सी. हा कोणत्याही कारखान्याचे वा कचेरीचे नव्हे, तर शहराचे नाव धारण करणारा व्यावसायिक संघ होता. त्याने राष्ट्रीय विजेतेपद कधीही मिळविले नाही. कूपरेजचे नूतनीकरण चालू असताना त्याला आपले घरचे सामने पुण्याजवळील बालेवाडी येथे खेळावे लागले. असे असूनही एक छोटा, परंतु निष्ठावान प्रेक्षकवर्ग त्याच्यामागे उभा राहिला. या संघाचे नाव खालिद जमील यांच्याशी निगडित आहे. महिंद्र व एअर इंडिया या संघांतून खेळलेल्या या मध्यरक्षकाने २००९ ते २०१६ या काळात मुंबई एफ.सी.चे प्रशिक्षकपद सांभाळले व तुटपुंज्या साधनांनिशी संघास वरच्या श्रेणीत टिकविले. त्यांना पदावरून दूर केल्यानंतरच्या हंगामात विलक्षण योगायोग घडला. जमील यांच्या मार्गदर्शनाखाली मिझोरमच्या ऐझॉल संघाने २०१६–१७ ची आय-लीग जिंकली आणि त्याच हंगामात मुंबई एफ.सी. तळाला जाऊन पदावनत झाला. पाठोपाठ हा संघही बंद पडला. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील यांची भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी निवड झाली, तेव्हा मुंबईतील अनेक जुन्या प्रेक्षकांना आपल्या लुप्त झालेल्या दोन-तीन संघांची एकदम आठवण व्हावी, हे स्वाभाविकच होते.

मैदानाचे स्थलांतर : बोरिवलीहून चर्चगेटचे लोहमार्गाने अंतर सु. ३४ किमी. आहे. कूपरेजवरील सामना पाहण्यासाठी उपनगरवासीयास कामाचा अर्धा दिवस बुडवून शहराच्या दक्षिण टोकास जावे लागे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी एफ.सी. हा संघ पहिले दोन हंगाम नवी मुंबईतील नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडागारात खेळला. ते क्रीडागार भव्य होते, पण पश्चिम उपनगरांस गैरसोयीचे होते. २०१६ मध्ये हा संघ अंधेरी (पश्चिम) येथील शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात आला. १९८८ मध्ये खुले झालेले हे संकुल बृहन्मुंबई महानगरपालिकेचे असून त्यातील मैदान ‘मुंबई फुटबॉल अरीना’ या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ जून २०१४ रोजी वाहतुकीस खुल्या झालेल्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो मार्गाचे आझादनगर स्थानक या संकुलाच्या जवळच आहे. परिणामतः घाटकोपरचा प्रेक्षक थेट आणि मुलुंडचा प्रेक्षक घाटकोपरला गाडी बदलून मैदानावर पोहोचू लागला. शहराच्या फुटबॉलचे केंद्र प्रथमच उपनगरांत आले आणि कामावरून परतताना सायंकाळचा सामना पाहणे शक्य झाले.

प्रेक्षागार लहान आणि मैदानास लगटून असल्याने खेळाडूंच्या हाका, पंचाची शिट्टी व चेंडूवर बसणारा पाय हे सर्व येथे स्पष्ट ऐकू येते. फिकट निळ्या गणवेशातील या संघाच्या चाहत्यांची ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ ही संघटना ढोल, निशाणे व सामूहिक घोष यांसाठी प्रसिद्ध आहे. क्लबने प्रचारात आणलेले ‘आमची सिटी’ हे बिरुद मराठी व इंग्रजी यांची मिसळण करणाऱ्या उपनगरी बोलीशी चपखल जुळणारे ठरले.

२ जून २०१८ चे आवाहन : अंधेरीच्या मैदानाशी संबंधित सर्वांत बोलकी आठवण क्लबची नव्हे, तर राष्ट्रीय संघाची आहे. १ जून २०१८ रोजी आंतरखंडीय चषक स्पर्धेत भारताने चायनीज तैपेईचा ५–० असा पराभव केला. सुनील छेत्री यांनी त्यात तीन गोल केले, तथापि सामन्यास प्रेक्षक होते केवळ २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्री यांनी चित्रफितीद्वारे लोकांना मैदानावर येण्याचे आवाहन केले. टीका करावयाची असेल तर तीही मैदानावर येऊन करा, असा त्याचा आशय होता. ४ जून रोजी केन्याविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. तो छेत्री यांचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. मुसळधार पावसात भिजत बसलेल्या प्रेक्षकांसमोर भारताने ३–० असा विजय मिळविला व त्यांपैकी दोन गोल छेत्री यांचे होते. १० जूनच्या अंतिम सामन्यातही त्यांनीच दोन गोल करून केन्याला पराभूत केले. छेत्री हे २०१५ व २०१६ मध्ये मुंबई सिटीकडून खेळले होते आणि २०१५ मध्ये त्या संघाकडून खेळतानाच सुपर लीगमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे पहिले भारतीय ठरले होते. म्हणून हे आवाहन मुंबईकर रसिकांना परक्याचे वाटले नाही. प्रेक्षक हा खेळाचा केवळ साक्षी नसून त्याचा एक घटक आहे, याची जाणीव या तीन दिवसांनी करून दिली.

आवडता खेळाडू कसा ठरतो : मुंबई सिटीच्या चाहत्यांच्या पसंतीचा विचार करता तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार परदेशी नामवंतांचा. स्वीडनचा फ्रेडी ल्युंगबर्ग, फ्रान्सचा निकोला अनेल्का व उरुग्वायचा दिएगो फोर्लान यांना दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या प्रेक्षकांना ते प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. परंतु केवळ ख्याती पुरेशी ठरत नाही. ल्युंगबर्ग दुखापतींमुळे फारसा खेळू शकला नाही व त्याच्या आठवणीही त्या प्रमाणात पुसट आहेत. याउलट, २०१० च्या विश्वचषकाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू असलेल्या फोर्लानने नोव्हेंबर २०१६ मध्ये अंधेरी येथे केरळ ब्लास्टर्सविरुद्ध तीन गोल केले. तो ५–० असा विजय पाहणाऱ्यांच्या मनात तो कायमचा घर करून राहिला.

दुसरा प्रकार दूरच्या राज्यांतून येऊन येथे मोठे झालेल्या खेळाडूंचा. मणिपूरचा बिपिन सिंग व मिझोरमचा लालिआनझुआला छांगटे हे त्यांचे प्रतिनिधी होत. छांगटेस अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२२–२३ व २०२३–२४ या दोन्ही हंगामांचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून गौरविले. ईशान्य भारताविषयी फारशी माहिती नसलेल्या उपनगरी प्रेक्षकाने या खेळाडूंची नावे बिनचूक उच्चारावयास शिकणे, ही फुटबॉलची एक मोलाची सामाजिक फलश्रुती म्हणता येईल. सेनेगलचा उंच बचावपटू मूर्तदा फाल व मोरोक्कोचा मध्यरक्षक अहमद जाहू यांच्याविषयीही अशीच आपुलकी दिसून येते. त्यांचे नाव जगभर गाजलेले नव्हते. मुंबईत त्यांनी दाखविलेल्या सातत्यानेच त्यांना ती मिळवून दिली.

तिसरा प्रकार आपल्या गावच्या खेळाडूचा. राहुल भेके या मुंबईकर बचावपटूची कारकीर्द या दृष्टीने लक्षणीय आहे. मार्च २०१९ मध्ये मुंबई सिटीला उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात अंधेरीच्या स्वतःच्या मैदानावर गोव्याकडून १–५ असा मोठा पराभव पतकरावा लागला. त्यानंतर १७ मार्च रोजी अंतिम सामना अंधेरीतच, पण बंगळुरू व गोवा यांच्यात झाला. यजमान शहराचा संघ त्यात नव्हता. जादा वेळेत डोक्याने मारलेल्या ज्या एकमेव गोलाने बंगळुरू विजयी झाला, तो भेकेचा होता. मुंबईच्या मुलाने मुंबईत, परंतु दुसऱ्या शहरासाठी गोल केला. २०२१ मध्ये तो मुंबई सिटीत दाखल झाला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाचा मुंबईने २–१ असा पराभव केला. आशियाई चँपियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिलाच सामना असून विजयी गोल भेकेचाच होता.

पाहिलेल्या व न पाहिलेल्या आठवणी : मुंबई सिटीने २०२०–२१ च्या हंगामात साखळीतील अव्वल संघास मिळणारी ढाल आणि अंतिम विजेत्याचा करंडक हे दोन्ही जिंकले. एकाच हंगामात दोहोंचा मान मिळविणारा तो पहिला संघ होय. १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर एटीके मोहन बागानविरुद्ध बरोबरी असताना नव्वदाव्या मिनिटास बिपिन सिंगने विजयी गोल केला. क्लबच्या इतिहासातील हा सर्वोच्च क्षण, पण कोव्हिडच्या साथीमुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यात प्रेक्षकांविना खेळविण्यात आला होता. ज्या चाहत्यांनी २०१४ पासून पराभव सोसले, त्यांना विजय मात्र घरी बसून, रिकाम्या प्रेक्षागाराच्या चित्रासह पाहावा लागला. त्या संघाचा कर्णधार व गोलरक्षक अमरिंदर सिंग हंगामानंतर पराभूत प्रतिस्पर्ध्याच्याच संघात गेला. अंधेरीत चाहत्यांसमोर त्याचा निरोपसमारंभ होऊ शकला नाही. पुढील हंगामही गोव्यातच झाला व ऑक्टोबर २०२२ मध्ये संघ अंधेरीस परतला.

परतीच्या त्या हंगामात मुंबईने सलग १८ सामने अपराजित राहून पुन्हा साखळीची ढाल पटकावली. २४ एप्रिल २०२४ रोजी फातोर्डा येथील उपांत्य सामन्यात गोव्याविरुद्ध ०–२ असा पिछाडीवर असलेला संघ नव्वदाव्या मिनिटापासून तीन गोल करून ३–२ असा विजयी झाला. त्यांपैकी दोन गोल छांगटेचे होते. ४ मे रोजी कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानचा त्याच्याच प्रेक्षकांसमोर ३–१ असा पराभव करून मुंबईने दुसऱ्यांदा करंडक जिंकला. या वेळी कर्णधार राहुल भेके होता. मात्र हा विजयही परगावी मिळाला. दोन्ही करंडक अंधेरीबाहेर जिंकले गेल्यामुळे, घरच्या मैदानाच्या आठवणींत अंतिम विजयापेक्षा साखळीतील साध्या सायंकाळी, पाऊस, बरोबरीत सुटलेले सामने व शेजारच्या आसनावरचा ओळखीचा चेहरा यांनाच अधिक स्थान आहे.

महत्त्व : २०१९ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर सिटीशी संबंधित ‘सिटी फुटबॉल ग्रुप’ने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. डिसेंबर २०२५ मध्ये हा समूह मालकीतून बाहेर पडला. राष्ट्रीय महासंघाच्या व्यापारी कराराचा प्रश्न न सुटल्याने २०२५–२६ चा सुपर लीग हंगामही वेळेवर सुरू होऊ शकला नाही. कॅलटेक्स, महिंद्र, मुंबई एफ.सी. यांचा अनुभव घेतलेल्या रसिकांना अशी अनिश्चितता नवी नाही. संघाचे आयुष्य मालकाच्या निर्णयाइतकेच असते आणि प्रेक्षकाचे प्रेम मात्र त्यापुढेही चालू राहते, हा मुंबईच्या फुटबॉलचा स्थायीभाव झाला आहे.

म्हणूनच रसिकांच्या आठवणींना येथे ऐतिहासिक साधनाचे मोल प्राप्त होते. बंद पडलेल्या संघाचे करंडक, संघयाद्या व छायाचित्रे जपण्याची जबाबदारी बहुधा कोणावरच उरत नाही. कूपरेजवर नेव्हिल डिसूझांचा खेळ पाहिलेली पिढी आता विरळ झाली आहे. महिंद्रच्या विजेतेपदाचे साक्षीदार मध्यमवयीन झाले आहेत. जुनी तिकिटे, वृत्तपत्रांची कात्रणे, गणवेश आणि प्रत्यक्षदर्शींची कथने यांचा वेळीच संग्रह झाला, तरच या शहराच्या फुटबॉलचा सलग इतिहास लिहिणे शक्य होईल. तोपर्यंत तो इतिहास अंधेरीच्या प्रेक्षागारात मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत वडील मुलांना सांगत राहतील, तेवढाच राहणार आहे.